उपनगरातले नवे बिऱ्हाड आणि शाळेची वाट

मुंबईच्या उपनगरांत कोणी आपला पत्ता सांगू लागले की ठिकाणाच्या नावापाठोपाठ एक शब्द हटकून येतो: पूर्व किंवा पश्चिम. बोरिवली पूर्व, मुलुंड पश्चिम, घाटकोपर पूर्व. बाहेरगावाहून आलेल्याला हा शब्द टपालाच्या सोयीचा वाटतो. येथे चार पावसाळे काढलेल्यांना मात्र ठाऊक असते की, लोहमार्गाच्या कोणत्या अंगाला आपण राहतो यावर दिवसाचा सारा क्रम अवलंबून असतो. भाजीबाजार, दवाखाना, देऊळ, बँक आणि मुलांची शाळा ही सर्व रुळांच्या एकाच बाजूला असली तर दिवस सोपा जातो. त्यांपैकी एक जरी पलीकडे गेले तरी रोज पुलाचे जिने चढणे-उतरणे आले. तरुण पायांना त्याचे काही वाटत नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला मात्र तो जिना म्हणजे गावाची वेसच होऊन बसतो.

दरवर्षी उन्हाळ्याच्या सुटीत कित्येक कुटुंबे या उपनगरांत नवे बिऱ्हाड मांडतात. कोणी साताऱ्या-सांगलीकडून येते, कोणी कोकणातून वा विदर्भातून, कोणी गिरगाव-लालबागच्या चाळीतून. आई-वडील, मुलगा-सून, दोन-तीन नातवंडे, क्वचित एखादी अविवाहित आत्या, असे सहा-सात माणसांचे घर हलते. जागा पाहताना दोन प्रश्न आधी विचारले जातात: भाडे किंवा हप्ता किती, आणि शाळा कोणती? आई-वडिलांचा दिवस येथे कसा जाईल, हा तिसरा प्रश्न बहुधा सामान लागल्यानंतर सुचतो.

वस्तुतः दुसरा आणि तिसरा हे प्रश्न वेगळे नाहीत. ज्या घरात तीन पिढ्या एकत्र राहतात, तेथे शाळेचे अंतर घरातील सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाच्या पावलांनी मोजावे. ज्या वाटेने आजोबा नातवाला सुखरूप शाळेत नेऊ-आणू शकतात, त्याच वाटेवर बहुधा त्यांना बसायला बाक, बोलायला माणूस आणि वाचायला वर्तमानपत्र मिळते. ही कसोटी हाती धरून पश्चिम उपनगरातून पूर्व उपनगरात एक फेरी मारू.

रुळांनी वसविलेली वस्ती

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, ती आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या वाटेनेच. त्या काळी या भागात वाड्या, शेते आणि मिठागरे होती. पश्चिमेकडे कुलाबा ते बोरिवली या मार्गावर ५ जानेवारी १९२८ पासून विजेची गाडी धावू लागली आणि शहरात नोकरी करून मोकळ्या हवेत राहणे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. १९५० मध्ये अंधेरी-घाटकोपरपर्यंतचा आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतचा प्रदेश बृहन्मुंबईत सामील झाला. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. मधल्या काळात, १९८२ च्या गिरणी संपानंतर, गिरणगावातील असंख्य घरांनीही उत्तरेची वाट धरली.

थोडक्यात, आधी रूळ आले आणि त्यांच्या दोन्ही अंगांना वस्ती वाढली. म्हणूनच येथील प्रत्येक गावाचे दोन तुकडे आहेत, आणि ते दोन तुकडे पुलांनी वा भुयारी वाटांनी सांधलेले आहेत.

पार्ले-जोगेश्वरी: शाळेभोवती वसलेले गाव

या फेरीत प्रथम लागते ते विलेपार्ले. लोकमान्य टिळकांचे १ ऑगस्ट १९२० रोजी निधन झाले. त्यांच्या नावाने पार्लेकरांनी पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, पार्ले टिळक विद्यालय सुरू केले आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ स्थापन केला. नव्याने वसणाऱ्या गावाने आधी शाळा काढावी आणि लगोलग थोरामोठ्यांना एकत्र बसण्याची जागा उभारावी, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. मुलांचे शिक्षण आणि प्रौढांचा सहवास या दोन गरजा त्या पिढीने एकाच दमात ओळखल्या होत्या.

या परिसरातील एका घराची गोष्ट मराठी वाचकांना परकी नाही. पु. ल. देशपांडे १९१९ मध्ये मुंबईच्या गावदेवी भागात जन्मले. पुढे त्यांचे कुटुंब जोगेश्वरीच्या नव्याने वसलेल्या सरस्वतीबागेत राहावयास गेले आणि ते आठेक वर्षांचे असताना पार्ल्याला आले. शाळा मिळाली ती पार्ले टिळक. त्यांच्या आईचे वडील वामन मंगेश दुभाषी हे ‘ऋग्वेदी’ या नावाने लिहिणारे विद्वान होते. आपल्या सणांचा इतिहास त्यांनी लिहिला आणि रवींद्रनाथांची गीतांजली अभंगांत आणली. त्यांचे व्यक्तिचित्र पु. लं.नी पुढे ‘गणगोत’मध्ये रेखाटले. घर बदलले, गाव बदलले, तरी मुलाला शाळेबरोबरच आजोबांचा सहवास लाभला. प्रत्येक घरात ऋग्वेदी नसतात हे खरे. पण सण का साजरा करतात, हे नातवाला सांगू शकणारे आजोबा पुष्कळ घरांत असतात.

अंधेरी: पुलाचे मोल

अंधेरीत शाळा अनेक, माध्यमे अनेक आणि गर्दीही उदंड. पश्चिमेला शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल आहे, गिल्बर्ट हिल नावाचा उभ्या बेसॉल्ट खांबांचा प्राचीन कडा आहे आणि त्याच्या माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. देवळापर्यंत पायऱ्यांची चढण आहे; हृदयविकार किंवा गुडघेदुखी असलेल्यांनी पायथ्यावरून नमस्कार करावा हे बरे.

रुळांच्या पलीकडची शाळा निवडण्यात किती जोखीम असते, हे अंधेरीने अलीकडेच अनुभवले. पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखले पुलाचा पादचारी भाग जुलै २०१८ मध्ये रुळांवर कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल पुनर्बांधणीसाठी बंद झाला आणि त्याची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली. सव्वा वर्षाहून अधिक काळ एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला शाळा असलेल्या कुटुंबांना वळसे घालावे लागले. मूल शाळेच्या बसमध्ये अर्धा तास अधिक बसून राहू शकते. मधुमेही आजोबांना तो अर्धा तास उन्हात, रिक्षात, पाण्याविना काढणे जड जाते. घर घेताना ‘पलीकडे जायला पूल आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. पुलाला उद्वाहक किंवा सरकता जिना आहे का, आणि पूल बंद पडल्यास दुसरी वाट कोणती, हेही पाहावे.

बोरिवली: हवा मोकळी, अंतरे लांब

उत्तरेला बोरिवली. अंधेरी ते दहिसर या पट्ट्यात आता मेट्रोच्या दोन मार्गिका आहेत. एक महामार्गालगत, दुसरी पश्चिमेच्या जोडरस्त्याने. एप्रिल २०२२ मध्ये त्यांचा पहिला टप्पा आणि जानेवारी २०२३ मध्ये उरलेला भाग सुरू झाला. स्थानकांत उद्वाहक असल्याने लोकलचे जिने न झेपणाऱ्यांना या मार्गिकांचा मोठाच आधार झाला आहे.

बोरिवली पूर्वेचे वैभव म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. महानगराच्या हद्दीत एवढे अरण्य असणे ही दुर्मीळ गोष्ट. आत कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. पहाटे येथे फिरावयास येणाऱ्या ज्येष्ठांची चांगली वर्दळ असते. मात्र उद्यानाचे प्रवेशद्वार द्रुतगती महामार्गाच्या पलीकडे आहे. म्हणून ‘उद्यान जवळ आहे’ असे कोणी सांगितले तर महामार्ग कोठून ओलांडावयाचा, हे आधी विचारावे. या वनात बिबट्यांचा अधिवास आहे. लगतच्या वस्त्यांत अंधार पडल्यावर मुलांनी व वृद्धांनी एकटे फिरू नये.

पश्चिमेला वीर सावरकर उद्यान आणि प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आहे. वझिरा नाका, चिकूवाडी, गोराई या भागांत शाळाही बऱ्याच. पण गोराईसारख्या टोकाच्या वसाहतीतून स्थानक गाठण्यास बस किंवा रिक्षा लागते. घर स्वस्त पडते त्याचे कारण बहुधा या अंतरात असते, आणि त्याचे मोल घरात दिवसभर राहणाऱ्या माणसाला चुकते करावे लागते.

घाटकोपर: सपाटी आणि चढण

अंधेरीहून घाटकोपरला जावयाचे तर पूर्वी दादरचा वळसा किंवा बसचा लांबलचक प्रवास पत्करावा लागे. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईतील पहिली मेट्रो सुरू झाली आणि दोन्ही उपनगरे एकमेकांच्या जवळ आली. ज्यांची एक लेक अंधेरीला आणि मुलगा घाटकोपरला, अशा आजी-आजोबांना तिचे मोल विचारावे.

घाटकोपर पूर्व बव्हंशी सपाट आहे. पंतनगर, टिळक मार्ग, गारोडिया नगर या भागांत गुजराती आणि मराठी घरे शेजारी शेजारी नांदतात. महापालिकेचे राजावाडी रुग्णालय याच बाजूला. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग ओलांडला की असल्फ्याकडे टेकडी सुरू होते. तेथे घराघरांतून जाणाऱ्या पायऱ्या आणि चढत्या गल्ल्या आहेत. मूल धावत उतरते. आजी मात्र एकदा वर गेली की खाली येण्याचे टाळू लागते.

याच घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ साठे यांनी बरीच वर्षे वास्तव्य केले. लोकमान्य गेले त्याच दिवशी, १ ऑगस्ट १९२० रोजी, सांगली जिल्ह्यातील वाटेगावात त्यांचा जन्म झाला. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या कुटुंबाने वाटेगावाहून मुंबईपर्यंतची वाट पायी तुडवली. गावात शाळा त्यांना जवळजवळ लाभलीच नाही आणि मुंबईत आल्यावर पोटामागे धावताना तीही आशा उरली नाही. त्यांनी अक्षरे पुढे आपली आपण मिळवली. एकाच पिढीतील ही दोन स्थलांतरे: एका मुलाला नव्या गावात शाळा तयार मिळाली, दुसऱ्याला दारातही उभे केले गेले नाही. असामान्य प्रतिभेने ती उणीव भरून काढली, म्हणून उणीव लहान ठरत नाही. आज पोट भरण्यासाठी येणाऱ्या प्रत्येक कुटुंबातील मुलाला शाळेचा कायदेशीर हक्क आहे. तो घरातील मोठ्यांना माहीत असणे अगत्याचे आहे. त्याविषयी पुढे येईलच.

मुलुंड: आखीव रस्त्यांचे सुख

मध्य रेल्वेवरचे मुंबईचे शेवटचे स्थानक म्हणजे मुलुंड. त्याच्या पश्चिमेचा जुना भाग १९२० च्या दशकात आखून वसविला गेला. स्थानकापासून पाच रस्त्यापर्यंत काटकोनात छेदणारे सरळ रस्ते आहेत. असे रस्ते स्मरण मंदावलेल्या व्यक्तीला उपकारक ठरतात: वळणे थोडी, खुणा स्पष्ट आणि चुकले तरी पुढच्या चौकातून परतता येते. महाराष्ट्र सेवा संघ, कालिदास नाट्यमंदिर आणि त्यालगतचे क्रीडा संकुल याच बाजूला आहे. पूर्वेला चिंतामणराव देशमुख उद्यान, संभाजी उद्यान आणि १९८४ मध्ये सुरू झालेले वझे-केळकर महाविद्यालय. महापालिकेची रुग्णालयेही दोन्ही बाजूंना आहेत: पश्चिमेला अगरवाल, पूर्वेला सावरकर. शाळा, बाग आणि रुग्णालय यांसाठी रूळ ओलांडावे लागू नयेत, ही आपली कसोटी मुलुंडच्या बऱ्याच भागाला उतरते. डोंगराच्या पायथ्याकडील उंच संकुले मात्र स्थानकापासून दूर आहेत. तेथे उद्वाहकाला पर्यायी वीज आहे का, याची खात्री करून घ्यावी.

शाळा शोधताना

शाळेची कीर्ती ऐकण्यापूर्वी काही साध्या गोष्टी समजून घ्याव्यात.

पहिली गोष्ट सत्राची. जागेच्या टंचाईमुळे मुंबईतील अनेक शाळा सकाळ आणि दुपार अशा दोन सत्रांत भरतात. धाकटा नातू सकाळच्या सत्रात आणि थोरली नात दुपारच्या सत्रात, अशी वाटणी झाली की पोहोचविणे आणि आणणे मिळून चार फेऱ्या होतात. सहाव्या मजल्यावरून चार वेळा उतरणे, चार वेळा रस्ता ओलांडणे आणि मधली दुपारची झोप मोडणे, हे सारे एकाच आजोबांच्या वाट्याला येते. भावंडांना एकच शाळा आणि शक्यतो एकच सत्र मिळेल का, हे प्रवेशापूर्वीच विचारावे. इयत्ता चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असा राज्य शासनाचा फेब्रुवारी २०२४ चा निर्णय आहे. शाळेची प्रत्यक्ष वेळ चौकशी करून पक्की करावी.

दुसरी गोष्ट माध्यमाची. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ भाषांतून चालतात. सोलापूरकडील तेलुगू किंवा सीमाभागातील कन्नड भाषक कुटुंबांना याची पुष्कळदा कल्पना नसते. मूल कोणत्याही मंडळाच्या शाळेत गेले तरी २०२० च्या कायद्यानुसार राज्यातील शाळांत मराठी शिकविणे सक्तीचे आहे. इंग्रजी माध्यमात घातलेल्या नातवाचा मराठीचा अभ्यास आजीने घ्यावा. त्याला जोडाक्षरे येऊ लागतील आणि तिला दिवसातली एक निश्चित वेळ लाभेल.

तिसरी गोष्ट हक्काची. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या बालकाला शेजारच्या शाळेत मोफत शिक्षणाचा तो हक्क देतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीची शाळा ३ किलोमीटरच्या आत अभिप्रेत आहे. देणगी घेण्यास आणि प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाळणी-परीक्षा घेण्यास कायद्याने मनाई आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शासकीय, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत बदली होऊन येणाऱ्या मुलाला, शाळा सोडल्याचा दाखला येण्यास उशीर झाला, या कारणाने थांबवून ठेवता येत नाही. विनाअनुदानित खासगी शाळांतील आरंभीच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी असतात. त्यांचे अर्ज ऑनलाइन भरून सोडत निघते. अल्पसंख्याक संस्थांना ही तरतूद लागू नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी भाडेकरार नोंदणीकृत करून ठेवावा. पत्त्याचा पुरावा म्हणून तोच उपयोगी पडतो.

चौथी गोष्ट दप्तराची. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाप्रमाणे दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे. घराकडे परतताना ते दप्तर बहुधा आजोबांच्या खांद्यावर येते. एका खांद्यावर ओझे घेऊन जिना उतरताना तोल जाण्याचा धोका असतो. दप्तर घ्यावयाचेच तर दोन्ही खांद्यांवर घ्यावे आणि एक हात कठड्यासाठी मोकळा ठेवावा.

चालणे, पण कोणाच्या जिवावर?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम करावेत. शाळा पंधरा मिनिटांच्या चालीवर असेल, तर दिवसातून एकदा जाऊन-येऊन तीस मिनिटे होतात. पाच दिवसांची १५० मिनिटे. चाल अशी असावी की थोडा दम लागेल, पण बोलणे थांबणार नाही. याहून उत्तम योजना एखाद्या व्यायामशाळेत मिळणे कठीण.

परंतु ही जबाबदारी विचारून द्यावी, गृहीत धरू नये. ‘बाबा आहेतच घरी’ हे वाक्य मायेने उच्चारले तरी त्यात एक हुकूम दडलेला असतो. ज्यांची दृष्टी अधू आहे, वर्षभरात जे एकदा जरी पडले आहेत, ज्यांना चक्कर येते किंवा ज्यांचे स्मरण मंदावले आहे, त्यांच्यावर वाहत्या रस्त्यावरून मुलाला नेण्याची जबाबदारी सोपवू नये. तेथे शाळेची बस किंवा एकाच वाटेने जाणाऱ्या शेजाऱ्यांशी पाळी लावून घेणे इष्ट. धडधाकट आजी-आजोबांनाही आठवड्यातून एक दिवस सुटी हवी. नातवंडांचा सहवास उमेद देतो आणि त्यांची अखंड राखण थकवते; दोन्ही एकाच वेळी खरे आहे.

पहिले तीन महिने

रोप एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात लावले की काही दिवस ते माना टाकते. उतारवयात घर बदलल्यावर तसेच घडते. झोप उडते, भूक मंदावते, बोलणे कमी होते, ‘मला गावी सोडा’ असा ध्यास लागतो. यातील बरेचसे नव्या जागेचा ताण म्हणून येते आणि ओळखीची माणसे व ठरलेला दिनक्रम लाभला की ओसरते. काही आठवड्यांनंतरही उदासपणा हटला नाही, वजन उतरू लागले किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोल निघू लागले, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. एकाएकी गोंधळ, बरळणे, दिवस-रात्रीचे भान सुटणे ही लक्षणे ‘वय झाले’ म्हणून सोडू नयेत. जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा औषधांची सरमिसळ हे त्यामागे असू शकते.

घर लावताना आई-वडिलांची खोली आधी लावावी. पलंगाच्या ज्या बाजूने ते जुन्या घरात उतरत, तीच बाजू येथे मोकळी ठेवावी. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर रात्री मंद दिवा असावा, भिंतीला धरावयास दांडी असावी आणि ओली फरशी लगेच पुसावी. देव्हारा, आरामखुर्ची, पितळी तांब्या, भिंतीवरचे जुने छायाचित्र या वस्तू ‘नव्या घरात शोभत नाहीत’ म्हणून टाकू नयेत. स्मरणाचा आजार असलेल्यांना तर त्याच खुणा ठिकाणावर ठेवतात. त्यांच्या खिशात नवा पत्ता आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड असू द्यावे.

देशावरच्या कोरड्या हवेतून आलेल्यांना येथील दमटपणा जाणवतो. घाम अधिक जातो, म्हणून पाणी वेळच्या वेळी प्यावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी त्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. पावसाळ्यात रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून जाणे टाळावे. जावे लागलेच, विशेषतः पायाला जखम असताना, तर लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छत्रीवर भार देऊन चालू नये. आधारासाठी रबरी टोक असलेली काठीच हवी.

औषधांची यादी, जुने अहवाल आणि चष्म्याचा क्रमांक एका पिशवीत घेऊन पहिल्या पंधरवड्यातच नव्या डॉक्टरांची भेट घ्यावी. आजारपण येईपर्यंत थांबू नये. निवृत्तिवेतनाची बँक आणि आधारवरचा पत्ता यांचीही सोय लावावी. अडचणीच्या वेळी ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक आहे. गावाची ओढ असेल तर तीही अधूनमधून भागवावी: ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून राज्य परिवहनाच्या बसने विनामूल्य आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो.

घर पाहावयास जाताना

जागा पक्की करण्यापूर्वी आई-वडिलांना बरोबर न्यावे आणि शाळा सुटण्याच्या वेळेस जावे. घरापासून शाळेपर्यंत त्यांच्या चालीने चालून पाहावे. किती मिनिटे लागली? रस्ता किती ठिकाणी ओलांडला, आणि तेथे सिग्नल आहे का? वाटेत टेकायला बाक, कट्टा किंवा देवळाचा पार आहे का? पदपथावर पाऊल टाकायला जागा उरली आहे का? पाऊस पडला तर हीच वाट उरेल का? जवळ वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ किंवा भजनी मंडळ आहे का? शेवटी, इमारतीचा उद्वाहक बंद पडला तर किती जिने चढावे लागतील?

या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे ज्या घराला मिळतील, ते कदाचित दोन मजल्यांनी जुने असेल, एका खोलीने लहान असेल. शाळाही उपनगरातली सर्वांत नावाजलेली नसेल. तरीही सहा महिन्यांनी नातू शाळेतून येताना वाटेतल्या चार आजोबांना नावाने हाक मारीत असेल आणि भाजीवाली आजीला ‘काल आला नाहीत, बरं नव्हतं का?’ असे विचारीत असेल, तर बिऱ्हाड रुजले असे समजावे.